‘बॅकअप किती?’ हा दुसरा प्रश्न

परभणीच्या मोंढ्यात, सेलूत किंवा मानवतला एखादा व्यापारी यूपीएस घ्यायला दुकानात शिरला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: बॅकअप किती? विक्रेत्यालाही ही भाषा सोयीची पडते. पंधरा मिनिटे, अर्धा तास, दोन तास हे आकडे सांगायला सोपे आणि ऐकायला गोड. त्यांवर भाव ठरतो, यंत्र काउंटरखाली जाऊन बसते, आणि दीड-दोन वर्षांनी एके दिवशी लाइट गेल्याबरोबर संगणकही बंद पडतो. मग बोल कंपनीला, नाहीतर महावितरणला. घोटाळा मात्र पहिल्या प्रश्नातच झालेला असतो. वीज जाण्याचा, बिघडण्याचा आणि परत येण्याचा क्षण निभावून नेणे एवढेच यूपीएसचे काम आहे. तास काढणारी साधने वेगळी आणि त्यांचा हिशेबही वेगळा. हे दोन्ही हिशेब एकाच खोक्यात कोंबले की छोट्या धंद्याचा पैसा भलत्या जागी अडकतो. जिथे उन्हाळा बॅटरी खातो आणि रब्बीत व्होल्टेज बसते, त्या परभणी जिल्ह्यात ही गल्लत जास्तच महाग पडते.

तासांची भाषा लोकांनी उगाच उचललेली नाही. २००३ च्या वीज कायद्यानंतर राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले, २००५ मध्ये महावितरण कामाला लागली, आणि पुढची काही वर्षे मागणी व पुरवठा यांतली दरी एवढी रुंद राहिली की भारनियमन हा मराठवाड्याचा दिनक्रमच झाला. वितरणातली हानी आणि बिलांची वसुली पाहून भागांचे ए, बी, सी असे गट पाडले गेले. ज्या गटाची हानी जास्त, त्याच्या वाट्याला अंधारही जास्त. तेव्हा दुकानात काय लावायचे याचे उत्तर उघड होते. वीज ठरल्या वेळी जाणार, ठरल्या वेळी येणार. मधले तास ओढून नेईल एवढी बॅटरी हवी. इन्व्हर्टर घरोघर गेले ते त्या दिवसांत. त्या अनुभवाने दिलेले मोजमाप अजून लोकांच्या तोंडी आहे, पण त्रासाची जात बदलली. आता खरा उपद्रव देते ती अचानक जाऊन मिनिटभरात परतणारी, मधूनच डीम होणारी, मधूनच उसळणारी वीज. वेळापत्रकी भारनियमनात एक सोयही होती, आज ऐकायला विचित्र वाटेल: वीज कधी जाणार हे माहीत असल्याने माणूस पाच मिनिटे आधी हिशेब सेव्ह करून संगणक बंद करू शकत होता.

वीज जवळ तयार होते म्हणून ती चांगली मिळेल, असेही नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाला जलविद्युत केंद्र आहे. शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्राला सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्याचे पाणी जाते. दुकानदाराला याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याला छळणारा बिघाड केंद्रात क्वचितच होतो. तो होतो शेवटच्या काही किलोमीटरांत: अकरा केव्हीची तार, तिच्यावर झुकलेली लिंबाची फांदी, वळवाच्या पावसाआधीचा वारा, आणि कोपऱ्यावरची डीपी. गहू-हरभऱ्याचे पाणी सुरू झाले की पंपांचा भार चढतो आणि व्होल्टेज खाली येते. शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे केल्यामुळे हा जाच बऱ्याच ठिकाणी कमी झाला, तरी जिथे दोन्ही भार एकाच डीपीवर आहेत किंवा तारेवर आकडे पडतात, तिथे संध्याकाळचा दिवा आजही पिवळा जळतो. याहून वाईट प्रकार न्यूट्रल तुटण्याचा. तिन्ही फेजांवरचा भार विषम असताना न्यूट्रल सुटली, तर ज्या फेजवर भार हलका तिथले व्होल्टेज २३० वरून चारशेच्या दिशेने चढते, आणि एका रात्रीत अख्ख्या गल्लीचे टीव्ही, फ्रीज, मोडेम जातात. नियमाने लघुदाब ग्राहकाला ठरलेल्या व्होल्टेजच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट, एवढ्यात वीज मिळायला हवी. ती तशी मिळते की नाही हे कागदावर शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. वीजपुरवठ्याच्या विश्वासार्हतेचे जे निर्देशांक जगभर वापरतात, त्यांच्या आयईईई १३६६ या मानकात पाच मिनिटांपर्यंतचा खंड ‘क्षणिक’ म्हणून वेगळा काढला जातो. मुख्य निर्देशांकात तो धरलाच जात नाही. व्होल्टेज नुसते बसले, तर तो खंडसुद्धा नव्हे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी यूपीएस घ्यायचा, नेमकी तीच गोष्ट सरकारी आकड्यांत दिसत नाही. तेव्हा मोजमाप आपणच करावे. सॉकेटमध्ये बसणारा साधा डिजिटल व्होल्टमीटर घ्यावा आणि पंधरवडाभर सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला आकडे वहीत टिपावेत. त्या वहीइतका चांगला सल्ला कुठलाच विक्रेता देणार नाही.

आता यंत्राच्या बाजूने पाहू. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, म्हणजे एक फेरा वीस मिलिसेकंदांचा. संगणक उद्योगाने आपल्या यंत्रांसाठी व्होल्टेज सहन करण्याची जी मर्यादारेषा आखली आहे, तिच्यानुसार वीज पूर्ण गेली तरी वीस मिलिसेकंद यंत्राने तग धरला पाहिजे. ही सहनशक्ती संगणकाच्या आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये साठलेली असते. यूपीएसला बदल करायला जो वेळ लागतो तो या वीस मिलिसेकंदांच्या आत बसला की झाले. ऑफलाइन यूपीएस एरवी लाइनची वीज जशीच्या तशी पुढे सोडतो आणि ती गेली की साधारण चार ते दहा मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह प्रकार बदलायला तेवढाच किंवा थोडा कमी वेळ घेतो. त्याच्या आत व्होल्टेज वर-खाली करणारा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे १६०-१७० व्होल्टची मरगळलेली वीजही तो बॅटरीला हात न लावता सावरून देतो. ऑनलाइन प्रकारात येणारी वीज आधी डीसी होते आणि मग पुन्हा नवी एसी बनवून यंत्राला मिळते. तिथे बदलण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण भार कायम इन्व्हर्टरवरच असतो.

परभणीच्या व्यापाऱ्याला या तिघांत निवड करायची असेल, तर निर्णायक मुद्दा मिलिसेकंदांचा नसून मरगळलेल्या विजेचा आहे. १७५ व्होल्ट आले की ऑफलाइन यूपीएसला वाटते वीज गेली. तो बॅटरीवर जातो, व्होल्टेज जरा वर येताच परततो, पुन्हा जातो. रब्बीतल्या एका संध्याकाळी असे वीस वेळा झाले, तर एरवी वर्षभरात होणारी बॅटरीची झीज एका मोसमात होते, आणि खरोखर वीज जाते तेव्हा बॅटरी अर्धी रिकामी असते. याच कारणाने इथल्या साध्या दुकानासाठी लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह प्रकार ही किमान पायरी मानावी. बाजारातले बरेचसे ६०० व्हीएचे यूपीएस या प्रकारचेच असतात. फक्त पाठीमागच्या पट्टीवरचा इनपुट व्होल्टेजचा पल्ला वाचून घ्यावा. १४० ते २९० व्होल्टच्या आसपासचा पल्ला असेल तर तो आपल्या कामाचा. न्यूट्रल तुटल्यावरचे चारशे व्होल्ट मात्र कुठल्याही छोट्या यूपीएसच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्यासाठी मेन बोर्डावर, व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच सगळीच वीज तोडणारे स्वतंत्र उपकरण हवे, आणि ते यूपीएसहून स्वस्त मिळते.

यावर कुणी विचारील, मग सगळ्यांनी सरळ ऑनलाइनच का घेऊ नये? उत्तम ते घ्यावे, हे तत्त्व चुकीचे नाही. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतल्या अ‍ॅनालायझरला, बँकेच्या सर्व्हरला किंवा संगणकावर परीक्षा घेणाऱ्या केंद्राला तोच घ्यावा. तिथे अर्धवट राहिलेल्या एका तपासणीची किंमत यूपीएसच्या फरकापेक्षा मोठी आहे. पण दुहेरी रूपांतराचे मोल रोज मोजावे लागते. लहान ऑनलाइन यूपीएस साधारण दहा टक्के वीज उष्णतेत घालवतो. ५०० वॅटच्या भारावर हे पन्नास-पंचावन्न वॅट झाले. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर जवळपास दोनशे युनिट. पैशापेक्षा ती उष्णता जास्त नडते, कारण ती ज्या खोक्यात निर्माण होते त्याच खोक्यात बॅटरी असते. शिवाय त्याचा पंखा अखंड फिरतो. मानवत-सेलूच्या बाजारात, जिथे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू उडतात, तिथे तो पंखा काही महिन्यांत गच्च भरतो. न झाडलेला ऑनलाइन यूपीएस हा झाडलेल्या लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्हपेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिनिटांच्या जाहिरातीकडे आता वळू. कृषी सेवा केंद्राचे उदाहरण घेऊ: दोन डेस्कटॉप, दोन मॉनिटर, राउटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. डेस्कटॉपला शंभर-शंभर वॅट, मॉनिटरला पंचवीस-पंचवीस, राउटरला दहा आणि डीव्हीआर-कॅमेऱ्यांना साठ धरले, तर एकूण भार ३२० वॅट. ६०० हा आकडा पाहून दुकानदार निर्धास्त होतो, पण ते व्हीए आहेत, वॅट नव्हेत. अशा यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅट. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो नव्वद टक्क्यांवर घाम गाळतो. आत बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. रूपांतरातली गळती धरून बॅटरीकडून चारशे वॅट ओढले जात असतील, तर त्रैराशिकाने साडेबारा मिनिटे येतात. प्रत्यक्षात मिळतात त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. बॅटरीवर छापलेली क्षमता वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याच्या हिशेबाची असते. तीच बॅटरी मिनिटांत पिळली तर बराच साठा आतच राहतो. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट याने १८९७ मध्ये मांडला. सव्वाशे वर्षांनंतरही तो जाहिरातींपर्यंत पोचलेला दिसत नाही. तिथले ‘वीस मिनिटे’ बहुधा एका संगणकाच्या हलक्या भारावरचे असतात. तरीही पाच मिनिटे पुरतात. बिल सेव्ह करायला, टॅली बंद करायला आणि संगणक नीट उतरवायला दोन मिनिटांहून जास्त लागत नाहीत. या दुकानाने हजार व्हीएचा यूपीएस घ्यावा, पण जास्त मिनिटांसाठी नव्हे. यंत्र साठ टक्क्यांच्या आत चालावे म्हणून.

बॅकअप वाढवण्याचा एक जुगाड गावोगाव चालतो: ६०० व्हीएच्या यूपीएसचे झाकण काढून दोन तारा बाहेर आणायच्या आणि इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी जोडायची. पहिल्या दिवशी हा चमत्कार वाटतो. पण त्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक दहा-पंधरा मिनिटांच्या कामासाठी बेतलेले असतात. तासभर चालवले तर ते तापून जळतात. चार्जरही सात अँपिअर-तासांच्या बॅटरीचा. तो एखाद्या अँपिअरने भरत असेल, तर रिकामी झालेली मोठी बॅटरी भरायला सहा दिवसांहून जास्त लागतील, आणि तोवर लाइट पुन्हा चार वेळा गेलेली असेल. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि ती कायमची मंदावते. ज्याला तास हवेत त्याने तासांसाठी बनवलेला इन्व्हर्टर घ्यावा. यूपीएसला तो वेष चढवू नये.

मग इन्व्हर्टर आहेच, तर यूपीएस हवाच कशाला? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर सरसकट ‘नाही’ असे देता येत नाही. शुद्ध साइन वेव्हचा चांगला इन्व्हर्टर, त्यावरची कळ यूपीएस मोडवर ठेवली, तर वीस मिलिसेकंदांच्या आत बदल करतो आणि संगणकाला बहुधा कळतही नाही. दोन अडचणी मात्र ध्यानात घ्याव्या लागतात. यूपीएस मोडमध्ये त्याचा व्होल्टेजचा पल्ला अरुंद होतो, साधारण १८० ते २६०. रब्बीच्या संध्याकाळी तो वरचेवर बॅटरीवर जाणार. नॉर्मल मोडवर ठेवला तर पल्ला रुंद, पण बदल सावकाश, आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होण्याची शक्यता मोठी. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर तर नव्या पॉवर सप्लायचा संगणक लावूच नये. ज्या दुकानात इन्व्हर्टर आधीच आहे, तिथे दिवे-पंखे त्यावर आणि संगणकांसाठी छोटा लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह यूपीएस त्याच्या पुढे, अशी जोडणी सर्वांत कमी खर्चात दोन्ही हिशेब मिटवते. नुसता स्टॅबिलायझर लावून भागवणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की त्याच्याकडे साठवलेली वीज नसते. क्षणभराचा खंड तो जसाच्या तसा पुढे सोडतो.

उन्हाचा उल्लेख वर ओझरता आला. खरे तर परभणीत खरेदीनंतरचा सगळा प्रश्न त्याचाच आहे. यूपीएसमधल्या सीलबंद बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते. त्यावर दर दहा अंशांमागे ते ढोबळमानाने निम्मे होते, कारण तापमान वाढले की आतल्या रासायनिक क्रिया, पट्ट्या गंजवणाऱ्या क्रियांसह, वेग घेतात. इथे मे महिन्यात पारा सहज बेचाळीसच्या वर जातो; पत्र्याच्या छताखाली, बंद काउंटरमध्ये, यूपीएसच्या स्वतःच्या उष्णतेत त्या बॅटरीला काय सोसावे लागत असेल याची कल्पना करावी. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी इथे दोन-अडीच वर्षांत दमली तर ती फसवणूक नव्हे. ते रसायनशास्त्र आहे. म्हणून मोठ्या बॅटरीवर घालायचे पैसे जागेवर घालावेत: काउंटरच्या मागे जाळी, भिंतीपासून वीतभर अंतर, पश्चिमेची भिंत टाळणे. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना पाहावा. वर्षभर गोदामात तापलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते. वॉरंटीही दोन असतात, यूपीएसची वेगळी आणि बॅटरीची वेगळी. दुरुस्तीचा माणूस परभणीतच आहे की नांदेडहून येणार, हेही किमतीइतकेच महत्त्वाचे.

जमिनीचाही यात वाटा आहे. विजेच्या कडकडाटात किंवा लाइन परत येताना जो झटका बसतो, तो वळवून जमिनीत सोडायला अर्थिंग लागते. इथली काळी माती ओली असते तेव्हा वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात ती भेगाळते, आकसते आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटते. नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा पडतात. एप्रिलपासून अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि बहुतेक दुकानांत तोच राहून जातो.

प्रत्येक धंद्याला यूपीएस लागतोच असेही नाही. लॅपटॉपमध्ये बॅटरी असते, खतविक्रीच्या पीओएस यंत्रातही असते. ज्याचे काम या दोन्हींवर भागते त्याला राउटरपुरता बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरे. जुना डेस्कटॉप बदलायची वेळ आलीच असेल, तर लॅपटॉप घेणे हेच निम्मा यूपीएस घेण्यासारखे आहे. लेझर प्रिंटर, फ्रीज, पंप, एसी यांना यूपीएसवर कधीच घेऊ नये. प्रिंटर तापताना आणि मोटार सुरू होताना एवढा प्रवाह ओढतात की संगणकासकट सगळे बंद पडते. थंडाव्याचा प्रश्न बॅटरीशिवाय कसा सोडवता येतो याचा दाखला प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे. तिथले लसींचे आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर चोवीस तासांत आठच तास वीज मिळाली तरी लस दोन ते आठ अंशांत ठेवतात, कारण त्यांच्या भिंतींत बर्फाचा साठा असतो. यंत्राला काय साठवायला लावायचे, वीज की थंडी, हे आधी ठरवले की उत्तर स्वस्तात मिळते.

ज्यांना खरोखरच तास हवेत, त्यांच्यासाठी जनरेटर आहे. मात्र तो सुरू होऊन स्थिरावेपर्यंतचे काही सेकंद यूपीएसनेच काढायचे असतात. छोट्या जनरेटरचे फेरे पन्नासवर टिकत नाहीत. अशा विजेला लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह यूपीएस नाकारतो आणि जनरेटर धडधडत असतानाही बॅटरी संपवत बसतो. जिनिंगच्या वे-ब्रिजचा संगणक रोज जनरेटरवर चालणार असेल, तर तिथे ऑनलाइनचा जादा खर्च वसूल होतो. दुसरा भरवसा लोक छतावरच्या सोलरचा धरतात. नेट मीटरला जोडलेले साधे सोलर संच लाइन गेली की स्वतःही बंद होतात, कारण तसे झाले नाही तर दुरुस्तीसाठी तारेवर चढलेल्या वायरमनला खालून शॉक बसेल. भर दुपारी, कडक उन्हात, छतावर पाच किलोवॅटच्या पाट्या असूनही दुकान अंधारात राहते ते यामुळे. उन्हातून तास मिळवायचे असतील तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर सोलर बसवतानाच सांगून घ्यावा; नंतर तो बदलायचा म्हणजे इन्व्हर्टरचा खर्च दुसऱ्यांदा करणे.